बिनखुणेचे बिडाचे भांडे : कर्त्याचा शोध कसा घ्यावा

जुन्या घराच्या माळ्यावरून लोखंडी भांडे निघाले, की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा आणि दुसरा कर्त्याचा असतो. तांब्या-पितळेच्या भांड्यावर निदान मालकाचे नाव तरी कोरलेले असते. बिडाचा तवा, आप्पेपात्र किंवा झाकणावर निखारे ठेवून तवसाळी भाजण्याचे जाड पातेले मात्र बहुधा कोणतीही खूण न बाळगता पिढ्या ओलांडते. अशा भांड्यांची वाट दोन दिशांनी लागते. एक तर ती भंगारात किलोच्या भावाने जातात, नाहीतर जुन्या वस्तूंच्या बाजारात एखाद्या नामांकित परदेशी कारखान्याचे नाव चिकटवून त्यांची किंमत अनेक पटींनी वाढवली जाते. पहिल्या प्रकारात वस्तू हातची जाते, दुसऱ्यात पैसा जातो, आणि ज्याने ती घडवली त्याचे श्रेय दोन्ही वेळा हुकते.

नाव नसले तरी भांडे मुके नसते. ते कोणत्या पद्धतीने तयार झाले याच्या खुणा त्याच्या अंगावर असतात. त्या क्रमाने वाचल्या, तर कर्त्याच्या पुष्कळ जवळ जाता येते. मात्र पुरावा जेथे संपतो तेथे थांबण्याचे पथ्यही पाळावे लागते.

राजेगावचे उदाहरण

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव हे गोंदिया-बालाघाट रस्त्यावरचे, बाघ नदीच्या काठचे सीमेवरील गाव. नदीपलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे दोन्ही तीर एकाच प्रांतात होते आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले. अशा गावातील जुन्या घरात लोखंडी भांडे सापडले, तर ते तीन वाटांनी तेथे आलेले असू शकते.

पहिली वाट जिल्ह्याच्या बैहर भागातील डोंगराळ पठारावरून येते. मैकल पर्वतरांगेच्या परिसरात अगरिया ही लोखंड गाळणारी आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मातीची लहान भट्टी, लाकडी कोळसा आणि पायांनी दाबून चालवायचे जोडभाते एवढ्या सामग्रीवर अगरिया दगडातून लोखंड काढीत. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर ही त्यांची दैवते लोखंड, कोळसा आणि अग्नी यांच्याशी जोडलेली आहेत. भट्ट्यांवरील कर, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावरील निर्बंध आणि बाजारात आलेले स्वस्त कारखानी लोखंड यांमुळे हा व्यवसाय क्षीण झाला.

दुसरी वाट गावच्या लोहाराची. तयार पट्टी, सळई किंवा पत्रा विकत घेऊन तो तवा, झारा, सांडशी, विळा घडवी. तिसरी वाट रेल्वेची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद मार्ग गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत गेला आणि दूरच्या ओतशाळांतील जड माल या भागात पोहोचणे सोपे झाले. सापडलेले भांडे या तिन्हींपैकी कोणत्या वाटेने आले, हे ठरविण्याची पहिली पायरी धातूची ओळख ही होय.

बीड की घडीव लोखंड?

बोलण्यात प्रत्येक जाड, काळ्या भांड्याला ‘बिडाचे’ म्हणण्याची सवय आहे. वस्तुतः बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारणतः २ ते ४ टक्के कार्बन असतो. ते सुमारे १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्यात ओतता येते. घडीव लोखंडात कार्बन अत्यल्प असतो. ते तापवून घणाखाली वाढवता येते. बिडावर तसा घाव घातला तर ते तडकते.

अगरियांच्या भट्टीतून पातळ रस बाहेर पडत नसे. मळीने भरलेला, स्पंजासारखा घट्ट गोळा निघे आणि तो ठोकून ठोकून मळी काढली जाई. त्यातून फाळ, कुऱ्हाड, विळा अशा घडीव वस्तू होत. म्हणून राजेगावात सापडलेले आप्पेपात्र खरोखर बिडाचे असेल, तर ते अगरियांच्या भट्टीतले नाही, एवढे तत्काळ सांगता येते. उलट, एखादा जुना तवा घडीव निघाला आणि त्याच्या गंजलेल्या अंगावर लाकडाच्या शिरांसारख्या बारीक समांतर रेषा दिसल्या, तर त्या आत राहिलेल्या मळीच्या असू शकतात. असे लोखंड अगरियांचे असेल किंवा जुन्या पद्धतीच्या कारखान्यातील पट्टीचेही असेल. निर्णय त्या एका खुणेवर होत नाही. आधुनिक पोलादी पत्र्यात मात्र अशा शिरा नसतात आणि त्याची जाडी सर्वत्र सारखी असते.

धातू ओळखण्यासाठी भांडे घासून ठिणग्या पाहण्याची जुनी रीत आहे. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस, तर घडीव लोखंडाच्या लांब व पिवळसर पडतात. परंतु जुन्या वस्तूवर ओरखडा काढणे योग्य नाही. त्याऐवजी घरच्या घरी घनता मोजावी. भांडे आधी हवेत तोलावे, मग दोऱ्याने टांगून पूर्णपणे पाण्यात बुडवून तोलावे. हवेतील वजनाला दोन वजनांच्या फरकाने भागले की घनता मिळते. समजा, भांडे हवेत २,१६० ग्रॅम आणि पाण्यात १,८६० ग्रॅम भरले. फरक ३०० ग्रॅम, म्हणून घनता ७.२. बिडाची घनता बहुधा ७.० ते ७.३ च्या दरम्यान असते, पोलादाची ७.८ च्या आसपास. तेच भांडे पोलादी असते तर फरक सुमारे २७७ ग्रॅमच आला असता. मोजणीपूर्वी तेलाची जळकी पुटे काढावीत आणि खळग्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे झटकून टाकावेत, अन्यथा आकडा कमी येतो. घडीव लोखंडात मळी जास्त राहिलेली असेल तर त्याचीही घनता घटते. म्हणून या आकड्याला घणाच्या खुणा, जाडीतील चढउतार आणि कडेचा आकार यांची जोड द्यावी.

ओतकामाच्या खुणा

भांडे बिडाचे ठरले, की ते उपडे करावे. ओतकामात आधी लाकडी किंवा धातूचा नमुना बनवतात. तो ओलसर वाळूत दाबून साचा तयार करतात आणि एका वाटेने रस आत सोडतात. इंग्लंडमध्ये एब्राहम डार्बी यांनी वाळूत लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट १७०७ मध्ये घेतले. रस शिरण्याची वाट पुढे तोडून टाकली, तरी तिचा व्रण राहतो. तो तळाच्या मध्यभागी उंचावलेल्या रेघेसारखा असेल, तर रस तळातून सोडला होता. अमेरिकी भांड्यांत अशी रेघ बहुतांशी १८९० च्या सुमारापूर्वीच्या मालावर आढळते. त्यानंतर रस कडेने सोडण्याची रीत रूढ झाली आणि व्रण काठावर, घासून सपाट केलेल्या जागेच्या रूपाने उरला. भारतातील भांड्याला हा कालनियम लावता येत नाही, कारण हाताने साचा भरणाऱ्या लहान ओतशाळांत जुन्या रीती पुढेही टिकून राहिल्या.

आतील पृष्ठभागावर एकमध्य वर्तुळाकार बारीक रेषा असतील, तर भांडे लेथवर फिरवून गुळगुळीत केलेले आहे. खरखरीत, वाळूचे कण उमटलेला भाग तसाच ठेवलेला असेल, तर हे जादा काम टाळलेले आहे. कानांचा आकार, दांड्याखालील खाच, तळाभोवतीची उंच कड आणि झाकणाचा काठ हीही महत्त्वाची लक्षणे होत. झाकण सपाट आणि काठ उभा असेल, तर ते निखारे धरण्यासाठीच केलेले, म्हणजे वरखाली आच देऊन भाजण्याचे भांडे समजावे.

देशाचे नाव उमटलेले असल्यास तेही कालनिर्णयाला उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये १८८७ चा आणि भारतात १८८९ चा व्यापारी चिन्हांविषयीचा कायदा झाला. अमेरिकेत आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१ पासून बंधनकारक झाले. त्यामुळे देशाचे नाव असलेले आयात भांडे सहसा त्यानंतरचे असते. नाव नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा होत नाही.

नाव नाही, पण आकडा आहे

बिनखुणेचा पुष्कळसा माल नामांकित कारखान्यांतूनच बाहेर पडलेला असतो. दुकानदारांना आपल्या नावाने विकता यावा म्हणून तो मुद्दाम कोरा ठेवला जाई. अशा वेळी नमुन्याचा आकडा कामी येतो. अमेरिकेतील एरी शहरात १८६५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ग्रिसवोल्ड या नावाने प्रसिद्धी पावलेल्या कारखान्याच्या केक-पावाच्या साच्यांवर नमुन्याचे आकडे असत. ९४९ हा दहा क्रमांकाच्या, तर ९५० हा अकरा क्रमांकाच्या साच्याचा आकडा.

मराठी स्वयंपाकघराला जवळची गोष्ट म्हणजे याच कारखान्याचे ३२ क्रमांकाचे, ९६२ आकड्याचे डॅनिश केकचे पात्र. गोलाकार तव्यात सात वाट्या, म्हणजे रूपाने जवळजवळ आपले आप्पेपात्रच. परदेशातून परतलेल्या गोमंतकीय कुटुंबाच्या सामानात असे पात्र असू शकते, तसेच एखाद्या देशी ओतशाळेने केलेले साधे आप्पेपात्र डॅनिश म्हणून विकले जाण्याचा संभवही आहे. सात वाट्या हा पुरावा नव्हे. वाट्यांची खोली, काठाची जाडी, दांड्याचा घाट आणि आकड्यांचे वळण ही सर्व लक्षणे ओळखीच्या नमुन्याशी जुळली तरच ते नाव घ्यावे. वॅगनर (सिडनी, ओहायो, १८९१) आणि लॉज (टेनेसी, १८९६) यांच्या कोऱ्या भांड्यांनाही हाच नियम लागू आहे. लॉजच्या काही तव्यांच्या तळकडेला तीन खाचा असतात. त्या एकटीने निर्णायक नसल्या, तरी इतर लक्षणांबरोबर वजनदार ठरतात.

खुणेचीही परीक्षा

भांड्यावर नाव असले म्हणजे शोध संपला असे नाही. जुने भांडेच नमुना म्हणून वाळूत दाबले, तर त्यावरील अक्षरेही नव्या भांड्यावर उमटतात. येथे निसर्गनियम मदतीला येतो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यावरून केलेली नक्कल जवळपास ३ मिलिमीटरने लहान भरते. तिच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि अंग अधिक खरखरीत येते. खात्रीच्या नगाशी कॅलिपरने माप ताडून पाहणे हा नकली माल ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

नाव आणि ठिकाण हेदेखील वेगळे होऊ शकतात. एरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद झाल्यानंतरही ग्रिसवोल्डचे नाव सिडनीत ओतलेल्या भांड्यांवर येत राहिले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर घरोघरी माहीत झाले, म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील प्रत्येक जुनी ओतीव वस्तू तेथली ठरत नाही. कोल्हापूर आणि बेळगाव येथेही ओतकाम मोठ्या प्रमाणावर वाढले. प्रसिद्ध नावाकडे झुकण्याचा मोह देशी मालाच्या बाबतीतही तितकाच असतो.

नोंद कशी करावी

तपासणी पूर्ण होईपर्यंत भांडे आगीत टाकून, घासयंत्र लावून किंवा रंगवून ‘नवे’ करू नये, कारण त्यात लेथच्या रेषा आणि व्रण दोन्ही पुसले जातात. आधी वरून, खालून आणि कडेने छायाचित्रे घ्यावीत. व्यास, खोली, काठाची जाडी आणि वजन लिहून ठेवावे. भांडे कोणत्या गावातून, कोणत्या घरातून, कोणाकडून कोणाकडे आले ही तोंडी माहितीही लगेच टिपावी. लोखंडाच्या परीक्षेतून जे कळत नाही, ते पुष्कळदा घरातील वृद्ध स्त्रीच्या आठवणीत असते : कोणत्या बाजारातून आणले, कोणत्या लोहाराने कान बसवून दिले, लग्नात कोणी दिले.

वापरापूर्वी एक सावधगिरी घ्यावी. जाळ्यांची वजने किंवा बंदुकीच्या गोळ्या करण्यासाठी जुन्या लोखंडी भांड्यात शिसे वितळवले गेलेले असू शकते. तशी शंका असल्यास शिशाची चाचणी करून घ्यावी, आणि खात्री होईपर्यंत त्यात अन्न शिजवू नये.

शेवटी निष्कर्ष पायऱ्यांनी लिहावा. पहिली पायरी पद्धतीची : ओतीव की घडीव. दुसरी काळाची, तिसरी प्रदेशाची आणि चौथी कारखान्याची किंवा कारागिराची. राजेगावच्या एखाद्या भांड्याविषयी ‘हाताच्या साच्यात ओतलेले बीड, देशी ओतशाळेचे असण्याचा संभव, कर्ता अज्ञात’ एवढेच लिहिता आले, तरी ती नोंद उपयोगाची आहे. उद्या त्याच मापाचे, त्याच घाटाच्या कानांचे आणि त्याच जागी व्रण असलेले दुसरे भांडे गोंदियात किंवा बालाघाटात सापडले, तर दोन्ही एका नमुन्यातून निघाल्याचे या नोंदीवरूनच कळेल. त्यांतील एकाबरोबर खरेदीची पावती मिळाली, की दुसऱ्याच्या कर्त्याचेही नाव सापडेल. घाईने लिहिलेले खोटे नाव मात्र ही वाट कायमची बुजवते.