पामर, अर्ल

(२५ ऑक्टोबर १९२४ – १९ सप्टेंबर २००८). अमेरिकन ड्रमवादक. रॉक-अँड-रोल संगीताचा ठेका घडविण्यात त्याचा मोठा वाटा होता. तथापि गाजलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रिकांवर त्याचे नाव छापले गेले नाही. जन्म न्यू ऑर्लीन्सच्या ट्रेमे भागात. वयाच्या पाचव्या वर्षापासून तो व्हॉडव्हिलच्या फिरत्या कार्यक्रमांत टॅप नृत्य करीत असे. त्याच्या वादनातील लयीची जाण मूळची पायांतली होय. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात सेवा केल्यावर, माजी सैनिकांना मिळणाऱ्या शासकीय साहाय्यातून त्याने ग्रूनवॉल्ड संगीत विद्यालयात शिक्षण घेतले आणि तेथे स्वरलेखन वाचण्यात प्रावीण्य मिळविले. ते पुढे त्याच्या उपजीविकेचा आधार ठरले.

१९४७ मध्ये तो डेव्ह बार्थोलोम्यूच्या वाद्यवृंदात दाखल झाला. कोझिमो मटासाच्या लहानशा ध्वनिमुद्रणगृहात या वृंदाच्या साथीने अनेक गायकांची गीते मुद्रित झाली. फॅट्स डॉमिनोच्या ‘द फॅट मॅन’ (१९४९) या गीतात पामरने चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आरंभापासून अखेरपर्यंत जोरकस आघात ठेवला. जुन्या न्यू ऑर्लीन्स जॅझमध्ये असा आघात मुख्यत्वे शेवटच्या, रंगात आलेल्या आवर्तनांपुरता राखून ठेवीत. त्याहूनही महत्त्वाचा बदल लिटल रिचर्डच्या साथीत घडला. तोवरच्या ऱ्हिदम-अँड-ब्लूजमध्ये मात्रेचे विभाजन तिश्र जातीच्या अंगाने, झोकदार असे. रिचर्डचा उजवा हात मात्र पियानोवर मात्रेचे दोन समान भाग ठोकीत असे. त्याच्याशी जुळवून घेताना पामरनेही झोका सोडला आणि समविभागी, धावता ठेका धरला. पुढे रॉक संगीताने हाच ठेका स्वीकारला. सिद्धांतापेक्षा साथीच्या गरजेतून क्रांती घडल्याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. पायाने वाजविण्याच्या मोठ्या ड्रमवरील त्याच्या उलटसुलट आघातांत शहरातील मिरवणुकींच्या बँडची छाया स्पष्ट जाणवते.

१९५७ मध्ये तो लॉस अँजेल्सला गेला. न्यू ऑर्लीन्सच्या तुलनेत तेथे काम विपुल होते. शिवाय लुइझिआना राज्याचे वंशभेदी कायदे मागे पडले. रिची व्हॅलेन्सच्या ‘ला बाम्बा’पासून (१९५८) फिल स्पेक्टरच्या निर्मितींपर्यंत, तसेच चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या संगीतातही त्याने साथ केली. डिझी गिलेस्पी व काउंट बेसी यांच्यासारख्या जॅझ कलावंतांबरोबरही तो वाजवी. १९६७ या एकाच वर्षी त्याने सु. ४५० ध्वनिमुद्रण-सत्रांत भाग घेतल्याची नोंद आढळते. सकाळी रॉक, दुपारी चित्रपटसंगीत, रात्री जॅझ अशी कामे पेलण्यासाठी समोर येईल ते स्वरलेखन तत्काळ वाचता येणे आवश्यक होते. केवळ कानावर विसंबणाऱ्या वादकाचा तेथे निभाव लागला नसता.

अशा वादकांना सत्रागणिक ठरलेले वेतन मिळे. लाखो प्रती खपल्या, तरी विक्रीतील वाटा सामान्यतः मिळत नसे. वादकांच्या हक्कांचा हा प्रश्न पामरला जवळचा होता. १९८२ मध्ये तो लॉस अँजेल्सच्या वादक संघटनेचा खजिनदार निवडला गेला. रॉकमुळे कीर्ती लाभली, तरी स्वतःला तो जॅझवादकच मानीत असे. उत्तरायुष्यात त्याने लहान जॅझवृंदातून वादन चालू ठेवले.

टोनी शर्मनने लिहिलेले त्याचे चरित्र बॅकबीट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००० मध्ये रॉक-अँड-रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने साथीदार वादकांसाठी नवा वर्ग निर्माण केला, तेव्हा पहिल्याच निवडीत त्याचा समावेश झाला. कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे तो निधन पावला.