खळ्यावरचा हिशोब : बलुतेदारीकडे पाहताना

मागच्या व्याख्यानात आपण पाटील-कुलकर्ण्यांची वतनं पाहिली. आज त्याच गावात राहू, पण चावडीवरून उठून सुताराच्या दारात आणि लोहाराच्या भात्यापाशी जाऊ.

बारा बलुतेदार कोण? सुतार, लोहार, महार, मांग, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, जोशी, गुरव, मुलाणी, कोळी. ही यादी सगळीकडे सारखी नाही. प्रांत बदलला की दोन-चार नावं बदलतात, आकडा मात्र बाराच सांगतात.

ही व्यवस्था कशी चालायची, ते विहिरीवरच्या मोटेवरून नीट कळतं. मेलेलं जनावर महारांनी ओढून न्यायचं. कातडं ढोरांनी कमवायचं, मोट चांभारांनी शिवायची. चाक सुताराचं, लोखंडी कडं लोहाराचं, नाडा आणि सोंदूर मांगांनी वळलेला. म्हणजे कुणब्याच्या पाटात पाणी पडायला पाच-सहा घरांचे हात लागत.

आता मोबदल्याचं बघा. दर कामाला दर नव्हता. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा, पेंढ्या घ्यायच्या. हेच बलुतं. ऐन पेरणीत तिफण मोडली तर सुतार 'आधी पैसे' म्हणू शकत नसे. तसंच कुणबीही मनाला येईल तेव्हा दुसऱ्या गावचा सुतार आणू शकत नसे, कारण ते काम करण्याचा हक्क वतनाचा, बापाकडून मुलाकडे आलेला. पोटाची हमी होती, पण पीक बुडालं की बलुतंही बुडायचं.

मग ही व्यवस्था चांगली की वाईट? तीन माणसांची मतं शेजारी ठेवून पाहू.

पहिला चार्ल्स मेटकाफ, कंपनी सरकारचा अधिकारी. १८३० मध्ये त्यानं हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं. स्वयंपूर्ण खेड्याची जी कल्पना आपण आजही उगाळतो, तिला या शब्दांनी मोठं बळ दिलं. पण हे झालं बाहेरून पाहणं.

दुसरे त्रिंबक नारायण आत्रे. त्यांचं 'गाव-गाडा' १९१५ साली आलं. आत्रे पाहतात ते कुणब्याच्या बाजूनं. काळीत राबणारा एक आणि त्याच्या राशीवर हात पसरणारे अनेक, त्यात बलुतेदार, अलुतेदार, वर फिरस्ते. हा गाडा कुणब्याला ओढवत नाही, असा त्यांचा रोख आहे.

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महार हा गावाचा नोकर आणि सरकारचाही. सारा वसुलीच्या वेळी बोलावणी करायची, निरोप न्यायचे, खजिना पोचवायचा. या कामाला वेळकाळ नाही, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचं बलुतं. महारांनी मान वर केली की गाव बलुतं बंद करणार. म्हणून कामाला रोख पगार हवा, ही त्यांची मागणी. पुढे ते विधेयक मागे घ्यावं लागलं.

आता गंमत पाहा. आत्र्यांना जे कुणब्यावरचं ओझं दिसतं, तीच बाबासाहेबांना महारांच्या गळ्यातली बेडी दिसते. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. एकाच खळ्यावर उभ्या असलेल्या दोन माणसांचा हिशोब वेगळा निघतो.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. लोखंडानं जमीन नासते, असं म्हणून शेतकरी आधी बिचकले, पण पुढे तोच नांगर घरोघर गेला आणि सुताराचं काम कमी झालं. इंजिनं आली, मोट थांबली, आणि तिच्याभोवतीची ती पाच-सहा घरंही मोकळी झाली. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ ग्रामवतनं संपवली. जमिनी फेरदेण्यानं परत मिळाल्या, पण परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, या अटीवर.

मोकळं होणंही सगळ्यांना सारखं लाभलं नाही. सुतार-लोहारांचा हात शहरात कारखान्यात चालला. ज्याच्या वाट्याला कसबाऐवजी नुसती राबणूक आली होती, त्याला मात्र गिरणी, गोदी, रेल्वे, जिथं मिळेल तिथं नव्यानं सुरुवात करावी लागली.

तेव्हा 'पूर्वीचं गाव कसं गुण्यागोविंदानं नांदायचं' असं कुणी म्हणालं, तर आपण एवढंच विचारू या : हे कुणाच्या दारातून दिसलेलं गाव आहे? पुढच्या वेळी अलुतेदार आणि आठवड्याचा बाजार. आता तुमचे प्रश्न घेऊ.