विजेची मोटार आणि चालकाचा पाय

बारामतीच्या भिगवण चौकात किंवा इंदापूरच्या बसस्थानकासमोर घटकाभर उभे राहिले, तर हिरव्या नंबरपाटीची वाहने आता सहज दिसतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांना हिरवी पाटी लावण्याचा नियम 2018 साली आला. पाटीवरची अक्षरे पांढरी असली तर गाडी खाजगी, पिवळी असली तर भाड्याची. रस्त्यावरच्या माणसाला कळणारा फरक एवढाच. या गाड्यांविषयी बोलणे निघाले की किंमत, बॅटरीची हमी आणि सरकारची सवलत यांवर येऊन थांबते. ती गाडी चालवावयास माणूस शिकला कसा, किती दिवसांत शिकला, आणि त्या शिकण्याचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. आमचे आयुष्य चालक, फिटर आणि हमाल यांच्या संघटनेत गेले. आम्हांला हाच प्रश्न आधी दिसतो, आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

उजव्या पायाखाली रेस आणि ब्रेक, डाव्या पायाखाली क्लच, हाताशी गियरचा दांडा, ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती ब्रह्मदेवानेच ठरवून दिली असावी असे वाटते. तसे काही नाही. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 पासून 1927 पर्यंत निघत होती. दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. तिलाही पेडले तीनच होती. परंतु डावे पेडल गियर बदलण्याचे, मधले गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे. रेस पायात नव्हतीच. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ एक काडी असे, ती बोटाने सरकवावयाची. आजचा पट्टीचा ड्रायव्हर त्या गाडीत बसवला, तर ती पहिल्या वळणावर नाल्यात जाईल. यात त्याचा दोष नाही. पायांना एकदा एक भाषा शिकवली की ते दुसरी ऐकत नाहीत.

त्याच काळात विजेच्या मोटारीही होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तासाला 100 किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार विजेची होती. 1899 साली कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ती चालवली. अमेरिकेतल्या सुखवस्तू बायका विजेची गाडी पसंत करीत, कारण तिला पुढून हँडल मारावे लागत नसे. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी विजेची गाडी वापरी. पेट्रोलच्या इंजिनाचे हँडल उलटे फिरले म्हणजे मनगट मोडे. मग 1912 साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे दुखणे संपले. पेट्रोलच्या गाडीला विजेनेच हात दिला आणि विजेची गाडी बाजूला पडली, असा हा उलटा न्याय आहे.

आपल्याकडे मात्र वीज रस्त्यावरून गेली नाही. ती रुळांवर राहिली. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि 1907 च्या मे महिन्यात विजेची. लगाम धरण्याच्या कामाच्या जागी पितळी हँडल टप्प्याटप्प्याने फिरवण्याचे काम आले. घोडा दमला की चालकाला कळत असे, मोटर दमल्याचे कळावयास नवा कान लागतो. पुढे 1925 च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली, आणि ‘मोटरमन’ हा शब्द मुंबईच्या बोलीत कायमचा बसला.

आजच्या मोटारीशी ज्याचे खरे नाते आहे तो प्रसंग त्यानंतरचा, बोरघाटातला. पुण्याकडे येणारी रेल्वे 1929 साली विजेवर आली. घाटाचा चढ 37 फुटांस 1 फूट. घाटात गाडी चढवण्यापेक्षा उतरवणे अवघड, हे कोणीही घाटातला ड्रायव्हर सांगेल. ब्रेक दाबत उतरावे तर चाके तापतात, ब्रेकचे ठोकळे झिजतात. त्यासाठी जी मालगाडीची इंजिने आणली, त्यांत एक वेगळी सोय होती: उतारावर मोटरच उलटी कामाला लावावयाची. गाडीचे वजन मोटर फिरवते, मोटर वीज तयार करते, ती वीज वरच्या तारेत परत जाते आणि वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडू शकते. ओझे तेच, आणि तेच ओझे गाडीला धरूनही ठेवते. या इंजिनाला दोन्ही बाजूंना लांब नाके, मध्ये कोठी. चालताना ते डुलत जाई. त्याला सुसरीची उपमा दिली जाई. आमच्या रेल्वेतल्या माणसांनी त्याचे नाव ठेवले ‘खेकडा’. नाव ठेवणारा माणूस यंत्राला भ्यालेला नसतो, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. खेकड्याने सुमारे सहा दशके नोकरी केली.

आता आपल्या मुलखात येऊ. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगराला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. साखरेचा कारखाना इंदापुरात आणि मोटारीचा कुर्ल्यात. पुढे त्याच कारखान्यातून फियाट निघू लागली, तिचीच पद्मिनी झाली. तिचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. जीपवर हात बसलेला माणूस फियाटमध्ये बसला की गुडघ्याशी गियर चाचपडत असे आणि मालक मागच्या सीटवरून हसत असे. मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजियो कंपनीची तीनचाकी ‘आपे’ 1999 पासून तयार होऊ लागली. आपे म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. ते यंत्र मुळात 1948 सालचे, युद्धाने मोडलेल्या इटलीत स्वस्तात माल वाहण्यासाठी काढलेले. आमच्याकडे मधमाशी कोणाला ठाऊक नव्हती, आप्पे ठाऊक होते; तेव्हा लोकांनी आपल्या तोंडाला बसेल तसे म्हटले. त्याच कंपनीने 2019 च्या डिसेंबरात विजेची आपे बाजारात आणली. पाठोपाठ 2020 च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ही मोटार विजेवर आली. ती आपल्याच जिल्ह्यातल्या रांजणगावची.

या मोटारीत पहिल्यांदा बसणाऱ्या जुन्या चालकाचे काय होते, ते आम्ही अनेकदा शेजारी बसून पाहिले आहे. त्याची पहिली अडचण म्हणजे गाडी चालू झाली की नाही तेच कळत नाही. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबावयाचे, समोर ‘रेडी’ अशी अक्षरे उमटतात, बाकी शांतता. वीस वर्षे इंजिनाच्या धडधडीवर भरवसा ठेवलेला माणूस पुन्हा बटण दाबतो आणि चालू गाडी बंद करतो. मग त्याचा डावा पाय क्लच शोधतो. क्लच नाही. तो पाय कोठे ठेवावा हे कोणी सांगत नाही, आणि सांगितले नाही तर संकटाच्या वेळी तो भसकन ब्रेकवर जातो. डावा पाय क्लच दाबल्याच्या जोराने ब्रेकवर पडला म्हणजे काय होते, ते मागच्या मोटारसायकलवाल्याला विचारावे. तेव्हा पहिला धडा हाच: डावा पाय बाजूला टेकवून ठेवावा आणि दोन्ही पेडलांचे काम उजव्यानेच करावे.

गियरच्या जागी एक फिरवावयाची कळ असते. डी म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी. काही गाड्यांत गाडी उभी करण्यासाठी वेगळा पी असतो, काहींत हँडब्रेकच ओढावा लागतो. मालकाची एक गाडी अशी आणि दुसरी तशी असली, तर तो फरक चालकाने पाठ केलाच पाहिजे. रेस दिली की विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे, आणि गल्लीतून गाडी काढणाऱ्याला तेवढेच भय. सावकाश जाताना या गाडीला आवाज जवळजवळ नसतो. बारामतीच्या बाजारात माणसे पाठीमागच्या आवाजावरून बाजूला होतात, डोळ्यांनी नव्हे. म्हणून इथला चालक हॉर्नपेक्षा नजर अधिक वापरावयास शिकतो.

रेसवरून पाय उचलला की गाडी स्वतःच धरली जाते. हाच तो बोरघाटातला खेकडा. मोटर उलटी कामाला लागते आणि वीज बॅटरीत परत जाते. ही पकड कमीअधिक करता येते. सरावलेला चालक गावातल्या गावात ब्रेकला फारसा पाय लावत नाही; पाय किती उचलावा एवढेच तो मोजतो. परंतु इथे एक खोच आहे, आणि ती विक्रीच्या दुकानात क्वचितच सांगतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर परत आलेली वीज ठेवावयास जागा नसते. मग गाडी नेहमीसारखी धरत नाही, मोकळी पळते. ज्याने पायाला पकडीची सवय लावली आहे, तो भरलेली बॅटरी घेऊन उताराला लागला तर त्याचा जीव क्षणभर टांगणीला लागतो. अशा वेळी साधा ब्रेकच खरा.

आता अंतराचे गणित. पहिल्या विजेच्या नेक्सॉनची बॅटरी 30.2 युनिटांची होती आणि प्रमाणपत्रात एका भरणीला 312 किलोमीटर लिहिले होते. रस्त्यावर तेवढे पडत नाहीत. समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर दिसतात. तो आकडा गाडी आतापर्यंत कशी चालवली यावरून काढलेला अंदाज असतो. बारामतीच्या गर्दीतून रमत निघालेल्या गाडीचा आकडा फुगलेला असतो. तीच गाडी इंदापूरला सोलापूर रस्त्यावर लागून जोरात पळाली की आकडा किलोमीटरपेक्षा भराभर उतरतो. म्हणून शहाणा चालक किलोमीटर पाहण्याऐवजी टक्के पाहतो. घरच्या 15 अँपियरच्या सॉकेटवर अशी बॅटरी भरावयास रात्र जाते. जलद भरणीच्या जागी तासाभरात 80 टक्क्यांपर्यंत मजल जाते, पण पुढचे 20 टक्के रेंगाळत भरतात. तेव्हा रांगेत माणसे ताटकळत असताना शंभर टक्क्यांचा हट्ट धरणे शोभत नाही. आणखी एक गोष्ट. या गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय नेहमीची 12 व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. वाड्याच्या चौकटीची किल्ली हरवावी आणि कोठार भरलेले असावे, तसे.

हे सर्व वाचावयास दहा मिनिटे लागतात. अंगात मुरावयास किती? पूर्वी याची शाळा होती, तिचे नाव क्लीनरकी. पोरगा दोन वर्षे ट्रकवर पाणी मारी, चाके ठोकी, उस्तादाच्या शिव्या खाई आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर गाडी हातात घेई. पगार नावापुरता. ती पिळवणूकच होती, आम्ही तिचे गोडवे गाणार नाही. परंतु शिकावयास वेळ लागतो, एवढे तरी त्या पद्धतीला मान्य होते. नवी गाडी ताब्यात देताना दुकानातला तरुण अर्धा तास पडद्यावरच्या सोयी दाखवतो. त्यातली वीस मिनिटे गाणी आणि फोन जोडण्यात जातात. मालक स्वतः चालवणारा असेल तर तो आठवडाभर मजेत शिकतो. पगारी चालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुण्याला निघावयाचे असते.

पुण्यात 2019 साली पीएमपीएमएलच्या विजेच्या बसगाड्या आल्या, तेव्हा वाहक पीएमपीएमएलचा आणि चालक गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदाराचा, अशी व्यवस्था ठरली. म्हणजे नवे कसब महामंडळाच्या कायम चालकाच्या हातात आलेच नाही. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली होती. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, 2022 साली तिची विजेची ‘शिवाई’ निघाली. हार घातले गेले, ते योग्यच झाले. आम्ही मात्र हाराखालच्या माणसाकडे पाहत होतो.

गॅरेजातल्या मिस्त्रीची गोष्ट चालकाहून बिकट आहे. क्लचप्लेट, इंजिन ऑइल, नोझल, सायलेन्सर ही त्याची भाकरी. यातले काहीच या गाडीत नाही. नारिंगी वेष्टनाची तार दिसली की तिच्यात शेकडो व्होल्ट असतात आणि वीजप्रवाह तोडण्याची रीत माहीत नसताना तिला हात लावावयाचा नाही, एवढे तरी त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. इंदापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने आम्हांला विचारले, “दादा, मी चाळीस वर्षं आवाजावरनं आजार सांगतो. ही बया बोलतच न्हाई, तिला काय विचारू?” त्याला आम्ही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या एका निदेशकाकडे नेले. पन्नाशी उलटलेला तो माणूस आता रविवारी विशीतल्या पोरांच्या बाकावर बसून मीटर लावावयास शिकतो.

काही काळापूर्वी आमच्या भागातल्या एका मालवाहतूक ठेकेदाराने विजेची तीनचाकी वाहने घेतली. चालकांना एका दुपारी आवारात दोन फेऱ्या मारावयास लावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून खेपा सुरू. डाव्या मुठीतला क्लच-गियर गेलेला, गाडी रेस देताच उडी मारणारी. पहिल्या पंधरवड्यात दोन गाड्या भिंतीला लागल्या. दुरुस्तीचा खर्च चालकांच्या पगारातून कापला गेला. युनियनने दोन मागण्या केल्या: कपात परत करावी, आणि नवे वाहन हाती देताना प्रत्येक चालकाला तीन दिवस भरपगारी शिकावयास मिळावेत. ठेकेदाराचे म्हणणे असे की, ज्याला परवाना आहे त्याला काय शिकवावयाचे? आम्ही त्याला आवारातल्याच एका गाडीत बसवले आणि टेकाडावरून खाली आणावयास सांगितले. त्यानंतरची बैठक पुष्कळ समजुतीने झाली. कपात परत मिळाली. शिकावयाचे दिवस दीडवर ठरले. उरलेला दीड दिवस पुढच्या करारनाम्याच्या मागणीपत्रात तिसऱ्या कलमाखाली घातला आहे.