मेंटल, पागल, येरवडा: या शिव्या आल्या कुठून?

आजच्या भागाची सुरुवात एका विनोदाने करू. विनोद कसला, तो तुम्हाला पाठच असेल: 'याला येरवड्याला पाठवा रे!' पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे ऐकलंय, बहुतेकांनी म्हटलंयही. मुंबईकर तिथे 'ठाण्याला' म्हणतात, कोकणात 'रत्नागिरीला' म्हणतात. नागपुरात तर पागलखाना चौकच आहे. हिंदीवाले आग्रा आणि रांचीचं नाव घेतात.

येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर या चारही ठिकाणी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. म्हणजे आपण दवाखान्याच्या पत्त्याची शिवी केली. 'याला ससूनला पाठवा' असं कुणी हसण्यासाठी म्हणत नाही. मग याच दवाखान्यांच्या नशिबी हे का आलं? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात पोलीस आहेत, तुरुंग आहे आणि एक उंच भिंत आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. 'पूर्वी आपल्याकडे असल्या रुग्णांना किती प्रेमाने सांभाळायचे' असं म्हटलं जातं. काही घरांत सांभाळायचेही. पण करणी, बाहेरची बाधा, देवऋषी, उतारा, अंगारा हेही आपलंच. भूत उतरवायचं म्हणून माणसाला साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे इतकं चालायचं, की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात या गोष्टी एकेक करून लिहाव्या लागल्या. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला कायदा त्यांच्या पश्चात आला. तेव्हा जुना काळ सोन्याचा होता असं नाही.

आता इंग्रजांकडे येऊ. १८५७ चा उठाव झाला, राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं, आणि लगेच १८५८ मध्ये वेडेपणाबद्दल एक नाही, तीन कायदे आले. त्यातले दोन मालमत्ता आणि कोर्टकचेरीचे. तिसरा वेड्यांच्या इस्पितळांचा. त्यात असं ठरलं, की मोकाट फिरणारा आणि धोकादायक वाटणारा वेडा माणूस दिसला तर पोलिसाने त्याला धरायचं आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की तो आत.

जरा डोळ्यांपुढे आणा. गावातल्या माणसाला काय दिसलं? ताप आला की वैद्य येतो. डोकं बिघडलं की शिपाई येतो. चोराला नेतात तसंच नेतात, साहेबापुढे उभं करतात, मग भिंतीमागे टाकतात. आणि तिथून परत आलेला माणूस क्वचितच दिसतो, कारण तेव्हा या आजारांवर औषधंच नव्हती. पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, मनोरुग्णांना देणं सुरू झालं ते १९५२ मध्ये, पॅरिसमध्ये. म्हणजे जवळपास शंभर वर्षं या इमारतींचं मुख्य काम बरं करणं नव्हतं, कोंडून ठेवणं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्यावर देखरेखही तुरुंगखात्याच्या इन्स्पेक्टर जनरलची असायची, नंतर ती सिव्हिल सर्जनकडे आली. येरवड्यात तर मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय एकाच उपनगरात आहेत. 'येरवड्याची हवा' म्हटलं की त्यातलं नेमकं कुठलं, हे आजही संदर्भावरून ओळखावं लागतं.

१९१२ मध्ये नवा कायदा आला, इंडियन लुनसी ॲक्ट. पोलीस आणि मॅजिस्ट्रेट तिथेही होतेच. या नावाची एक गंमत सांगतो. 'लुनॅटिक' हा शब्द लॅटिनमधल्या 'लूना'वरून आला. लूना म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलांनुसार माणसाला वेड लागतं असं युरोपात मानायचे. आपल्याकडे 'अमावास्या-पौर्णिमेला त्याचं वाढतं' म्हणतात ना, तीच समजूत! फरक इतकाच, की आपल्या आजीची ती अंधश्रद्धा ठरली आणि साहेबाची कायद्याच्या नावात जाऊन बसली. ती तिथून निघायला १९८७ उजाडावं लागलं. तेव्हा नवा मानसिक आरोग्य कायदा संमत झाला, आणि तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. स्वातंत्र्यानंतर ४५ वर्षं आपण 'चंद्र लागलेल्यां'च्या कायद्यावर चाललो.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती नाव बदलण्याची गोष्ट. १९२० च्या दशकात सरकारलाही जाणवलं, की 'लुनॅटिक असायलम' हे नाव वाईट आहे. लोक घाबरतात, लाजतात. मग सभ्य नाव शोधलं: मेंटल हॉस्पिटल. पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. 'ए मेंटल!' शाळेच्या मधल्या सुट्टीत रोज ऐकू येतं. कलंक पुसायला आणलेला शब्दच शिवी झाला. का? कारण पाटी बदलली, भिंत तशीच राहिली. आत काय चालतं ते दिसत नाही, बरा झालेला माणूस बाहेर भेटत नाही, तोवर नाव काहीही ठेवा, ते मळणारच.

भिंत काढली तर काय होतं, हेही आपल्याच देशात एकाने करून पाहिलं. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर होते. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांना सोबत राहायला सांगितलं. कल्पना करा, आई डोळ्यांनी बघतेय की मुलगा आज जेवला, आज नीट बोलला. घरच्यांना आजार समजला, उपचार समजले, आणि रुग्णाला घरी न्यायची भीती कमी झाली. पुढे वेल्लोर आणि बंगळुरूतही घरच्यांना उपचारात सामील करून घेतलं गेलं. देवस्थानात लोक का जातात, याचं एक उत्तर इथे सापडतं बरं का. तिथे घरचं माणूस सोबत राहू शकतं. इस्पितळाच्या दारात मात्र त्याला माघारी पाठवायचे.

पण अमृतसर अपवाद राहिलं. तमिळनाडूतलं एरवाडी आठवा. तिथल्या दर्ग्याला बरं होण्याच्या आशेने रुग्ण आणले जायचे आणि आसपासच्या खासगी 'होम'मध्ये ठेवले जायचे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका होमला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. पळता आलं नाही. २८ जण गेले. त्याआधी आठच वर्षं, १९९३ मध्ये, शीला बारसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. हे कोर्टाला सांगावं लागलं, कारण तशी माणसं तुरुंगात होती.

हे सगळं जुनं झालं, असं वाटतंय? मग हे पाहा. हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी फेफरंही होतं, म्हणजे फिट येणं. ते विवाहाच्या अटींतून निघालं १९९९ मध्ये. फिट हा मेंदूचा आजार, त्यावर साध्या गोळ्या आहेत. आणि आपण अजून चप्पल हुंगवतो. 'लग्न करून द्या, डोकं ठिकाणावर येईल' हा सल्ला आजही दिला जातो, आणि आजार लपवून लग्न लावलं की दोन आयुष्यांचं नुकसान होतं.

आणि 'असे लोक धोकादायक असतात' हा समज? तो १८५८ च्या कायद्यातलाच आहे, नाही का? 'मोकाट आणि धोकादायक.' प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. मार खाण्याची, फसवलं जाण्याची, रस्त्यावर सोडून दिलं जाण्याची पाळी त्यांच्यावरच जास्त येते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. भूल न देता शॉक देता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा नाही, मदत द्यायची. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच धरायचं. कागदावर भिंत बरीच खाली आली.

पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा २०१५-१६ चा आकडा सांगतो की दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला उपचारांची गरज असलेला त्रास आहे, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. डॉक्टर कमी आहेत, हे खरंच. पण अनेकजण तर दारापर्यंतही जात नाहीत. दोन महिने झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, जगावंसं वाटत नाही, तरी मुलगा गप्प राहतो. कारण मित्रांच्या ग्रुपवर कालच कुणीतरी येरवड्याचा जोक टाकलेला असतो. त्याच्यावर नव्हता तो. पण त्याने वाचला ना.

म्हणून हा विनोद मला निरुपद्रवी वाटत नाही. शिपाई गेला, जुना कायदा गेला, पण ती भिंत आपण जिभेवर जपून ठेवली आहे. ती पाडायला संसदेची गरज नाही. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी तसं म्हटलं तर एवढंच विचारा: 'तुला तिथे जायची वेळ आली, तर आम्हाला सांगशील का रे?'

आणि तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला त्रास होत असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हा भाग ज्याला पाठवावासा वाटतो त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!