पाखरू खाल्लं तर विष होतं का?

पहिला पाऊस झाला की वणीत संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते, आणि एखादी घाबरलेली आई दवाखान्यात येते, "डॉक्टर, यानं पाखरू गिळलं!" एकदा अशीच आई आली. सोबतची सुरगाण्याकडची सासू हळूच म्हणाली, "आम्ही तर भाजून खायचो." सुनेनं तिला नजरेनं गप्प केलं आणि मी हसलो. ते हसणं महागात पडलं. पुढे या आजींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. आहार विचारला तर "भाजी-भाकरी" यापलीकडे त्या बोलेनात.

किडे खाणं हे उपासमारीचं लक्षण, असं आपल्याला वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. ज्यूंच्या धर्मग्रंथात काही टोळ खाण्यास मुभा आहे, इस्लाममध्येही टोळ चालतो. १८८५ साली लंडनमध्ये व्हिन्सेंट होल्ट यांनी 'किडे का खाऊ नयेत?' असा सरळ प्रश्न विचारणारं छोटं पुस्तकच काढलं. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९०३-०४ मध्ये टोळांनी पिकं फस्त केली. सरकारी कीटकतज्ज्ञ लेफ्रॉय यांनी त्यावर मोठा अहवाल लिहिला. त्या टोळाचं नावच 'बॉम्बे लोकस्ट' पडलं! गडचिरोलीत माडिया लोक झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची चटणी करतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या तशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या जेवणात कीटक आहेत.

आता पोषणाचं. सुकवलेल्या टोळात प्रथिनं निम्म्याहून जास्त भरतात, तूरडाळीत साधारण २२ टक्के. पंखवाल्या वाळवीत प्रथिनांसोबत चरबी भरपूर असते, म्हणून ती भाजताना तेल लागत नाही. लोह आणि झिंकही मिळतं. पण 'चिकनपेक्षा तिप्पट प्रथिनं' असं मोबाइलवर वाचाल तेव्हा थांबा. तिथे सुका किडा आणि ओलं चिकन यांची तुलना असते. ताज्या किड्यात बराचसा भाग पाणीच असतो. शिवाय प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात, आणि किड्याच्या कवचातला कायटिनही त्यात धरला जातो. म्हणजे आकडा थोडा फुगलेलाच.

मग खावेत का? कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर मुळीच नको, दोन्हींतली प्रथिनं सारखी असतात. गाऊट असेल तरी जपून. आणि आपल्या भागात खरी अडचण वेगळीच आहे. आजींच्या लहानपणी पाखरं माळावरच्या वारुळातून निघायची, आज दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांची फवारणी वारुळापर्यंत पोहोचते. २०२० मध्ये विदर्भात टोळ आले तेव्हा त्यांच्यावर कीटकनाशकच मारलं होतं. असा किडा भाजला तरी औषध जात नाही.

आता मी विचारतो, "आजी, रानातलं काय काय खायचात?" त्या दहा मिनिटं बोलतात. खेकडे, रानभाज्या, पाखरं, सगळं येतं. लोहाची गोळी मात्र चालूच आहे.

आणि त्या आईसाठी: मुलानं एखादं पाखरू गिळलं तर काही होत नाही. उलटी काढायला लावू नका. फक्त अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, ठसका थांबेना किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.