अॅक्टिव्ह बॅज : इमारतीत माणसे शोधणाऱ्या यंत्रणेचा इतिहास

१. प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासात एखादे यंत्र कोणी व केव्हा तयार केले, याला मोठे स्थान मिळते. ते यंत्र प्रत्यक्ष इमारतीत बसवताना कोणते निर्णय घेतले गेले, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या पाठात आपण अशाच एका यंत्रणेचा इतिहास पाहणार आहोत. इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९८९ ते १९९२ या काळात ‘अॅक्टिव्ह बॅज’ या नावाची यंत्रणा विकसित झाली. इमारतीतील प्रत्येक माणसाने एक छोटा बिल्ला लावायचा आणि तो माणूस कोणत्या खोलीत आहे हे संगणकाने सांगायचे, अशी ही कल्पना होती. सेन्सर कोठे लावायचे, माहिती कोणाला दाखवायची आणि बिल्ला काढून ठेवण्याची मुभा असेल का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या यंत्रणेचा अर्थ ठरला. तंत्र तेच राहिले, पण ही उत्तरे बदलली, तेव्हा सोयीची यंत्रणा पाळतीची होऊ शकली. हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

२. पार्श्वभूमी : टेबलाला बांधलेला टेलिफोन

मोबाइल फोन हाती येण्यापूर्वी कार्यालयातील टेलिफोन माणसाचा नसून टेबलाचा असे. बाहेरून फोन आला की स्वागतकक्षातील कर्मचारी तो संबंधित विस्तार क्रमांकावर जोडून देई. माणूस जागेवर नसेल तर घंटी वाजत राही आणि शोधाशोध सुरू होई. पेजर हा एक उपाय होता, पण पेजर वाजल्यावर त्या माणसालाच जवळचा फोन शोधून उलट फोन करावा लागे. तो कोठे आहे हे बोलावणाऱ्याला कळत नसे.

१९८५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीने केंब्रिजच्या एकॉर्न या संगणक कंपनीचा ताबा घेतला. त्यानंतर हर्मन हाउजर आणि अँडी हॉपर यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये केंब्रिजमध्ये ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. येथेच रॉय वाँट, अँडी हॉपर, व्हेरोनिका फाल्काओ आणि जोनाथन गिबन्स यांनी अॅक्टिव्ह बॅजवर काम केले. त्यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो या विषयातील मूळ निबंध मानला जातो.

३. यंत्रणेची रचना

बिल्ला साधारण ५५ मिलिमीटर लांब-रुंद, ७ मिलिमीटर जाड आणि ४० ग्रॅम वजनाचा होता. तो दर १५ सेकंदांनी सुमारे एक दशांश सेकंदापुरता अवरक्त किरणांतून, म्हणजे इन्फ्रारेडमधून, आपला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक प्रक्षेपित करी. टीव्हीच्या रिमोटमध्ये वापरले जाते तेच हे तंत्र. भिंतीवर किंवा छताला लावलेला सेन्सर तो क्रमांक टिपून घेई. सर्व सेन्सर तारांनी जोडलेले असत. एक मुख्य संगणक त्यांना क्रमाक्रमाने विचारत जाई आणि कोणत्या सेन्सरला कोणता बिल्ला दिसला याची नोंद करी.

दर १५ सेकंदांनी एकदाच संदेश पाठवण्याला दोन कारणे होती. पहिले कारण म्हणजे बॅटरीची बचत. बिल्ला बहुतेक वेळ निष्क्रिय राहिल्याने लहानशी बॅटरी दीर्घकाळ पुरत असे. अंधारात, म्हणजे बिल्ला खणात किंवा रात्री बंद खोलीत असताना, संदेशांमधील अंतर वाढावे यासाठी प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक भागही बसवला होता. दुसरे कारण असे की, एकाच खोलीत अनेक बिल्ले असले तरी त्यांचे संदेश एकमेकांवर आदळण्याची शक्यता कमी राही. प्रत्येक बिल्ला एकूण वेळेच्या दीडशेव्या भागाइतकाच काळ ‘बोलत’ असे.

या रचनेची किंमतही होती. माणूस जिना उतरत असेल तर संगणकाला काही सेकंद जुनी माहिती मिळे. म्हणून पडद्यावर व्यक्तीचे नाव, जवळचा टेलिफोन क्रमांक आणि खोली यांबरोबरच ती माहिती कितपत खात्रीची आहे हेही दाखवले जाई. यंत्रणा स्वतःची अनिश्चितता लपवत नव्हती, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

४. अवरक्त किरणच का?

रेडिओ लहरी भिंतीतून आरपार जातात. बाहेरून पाहता हा फायदा वाटतो, पण येथे तीच अडचण होती. शेजारच्या खोलीतील बिल्ल्याचा संदेशही सेन्सरला ऐकू आला, तर माणूस भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे सांगता येणार नाही. अवरक्त किरण भिंतीपाशी थांबतात. खोलीच्या आत मात्र ते भिंतींवरून परावर्तित होत असल्याने बिल्ल्याचे तोंड थेट सेन्सरकडे असणे आवश्यक नसते. त्यामुळे सेन्सर संदेश देई तेव्हा माणूस ‘याच खोलीत’ आहे असे म्हणता येई. सुमारे ६ मीटरचा पल्ला बहुतेक खोल्यांना पुरेसा होता.

याचा अर्थ असा की, वास्तुविशारदाने बांधलेली भिंत हीच या यंत्रणेची मोजपट्टी बनली. माणूस खोलीच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, खिडकीत उभा आहे की टेबलाशी बसला आहे, हे तिला कळत नसे. ज्या खोलीत सेन्सर नाही, ती खोली यंत्रणेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. सेन्सर प्रत्येक जागी तार ओढून बसवावा लागे, म्हणून एखादी जागा यंत्रणेत घ्यायची की वगळायची हा निर्णय कोणाला तरी जाणीवपूर्वक घ्यावा लागे. तो निर्णय छताकडे पाहून सर्वांना दिसतही असे.

अवरक्त किरणांच्या मर्यादाही होत्या. बिल्ला कोटाखाली झाकला गेला तर तो दिसत नसे. थेट सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे उन्हाच्या जागी संदेश टिपणे कठीण होते. पुढे व्यावसायिक यंत्रणांमध्ये, विशेषतः रुग्णालयांत, अवरक्त आणि रेडिओ या दोहोंची जोड दिली गेली. रेडिओ संदेशावरून बिल्ला इमारतीच्या कोणत्या भागात आहे हे कळते आणि अवरक्त संदेशावरून नेमकी खोली ठरते. व्हीलचेअर किंवा सलाइनचा पंप शोधण्यासाठी, तसेच परिचारिका रुग्णाच्या खोलीत शिरताच बोलावण्याचा दिवा आपोआप बंद होण्यासाठी अशा यंत्रणा वापरल्या जाऊ लागल्या.

५. माहिती कोणाची?

केंब्रिजच्या प्रयोगशाळेत या माहितीवर पाच प्रकारचे प्रश्न विचारता येत. अमुक व्यक्ती कोठे आहे? तिच्याजवळ आणखी कोण आहे? अमुक खोलीत कोण आहे? अमुक व्यक्ती पुन्हा दिसली की मला कळव. आणि शेवटचा, अमुक व्यक्ती मागील काळात कोठे कोठे होती? यांपैकी पहिला प्रश्न फोन जोडण्यासाठी पुरेसा आहे. दुसऱ्या प्रश्नापासून माणसांचे परस्परसंबंध दिसू लागतात. शेवटच्या प्रश्नात सध्याची जागा संपून इतिहास सुरू होतो.

हा फरक शेजारीच असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत स्पष्ट झाला. झेरॉक्स कंपनीची युरोपार्क ही संशोधनसंस्थाही केंब्रिजमध्येच होती. तेथे बिल्ल्यांच्या नोंदींवरून व्यक्तीची दैनंदिनी आपोआप तयार करण्याचा प्रयोग झाला. १९९१ मध्ये मांडलेल्या या प्रणालीला सतराव्या शतकातील प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यांचे नाव देण्यात आले होते. दिवसभरात आपण कोणाला भेटलो, कोणत्या बैठकीत किती वेळ होतो हे आठवण्यास मदत व्हावी, हा हेतू होता. मात्र पीप्स यांनी आपली रोजनिशी स्वतः आणि लघुलिपीत लिहिली होती. यंत्राने लिहिलेली रोजनिशी कोण वाचू शकेल, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही.

मूळ निबंधाच्या लेखकांना याची जाणीव होती. बिल्ला काढून टेबलावर ठेवला की यंत्रणेला चकवता येते, हे त्यांनी नोंदवले. तसेच काही मालक या तंत्राचा गैरवापर करू शकतील आणि त्यापासून संरक्षणासाठी कायदा लागेल, असेही त्यांनी बजावले. आपल्याच शोधाविषयी संशोधकांनी पहिल्याच प्रमुख निबंधात असा इशारा द्यावा, ही उल्लेखनीय गोष्ट आहे.

रिचर्ड हार्पर या समाजशास्त्रज्ञाने या दोन्ही प्रयोगशाळांचा अभ्यास केला. लोक बिल्ला का लावतात आणि का लावत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. बिल्ला लावणे वा न लावणे ही केवळ वैयक्तिक आवड नसून संस्थेतील त्या माणसाच्या स्थानाशी आणि कामाच्या स्वरूपाशी जोडलेली बाब आहे, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. आपल्या वेळेचा हिशेब ज्याला कोणाला द्यावा लागत नाही आणि ज्याला तो द्यावा लागतो, त्या दोघांसाठी एकच बिल्ला दोन वेगळ्या वस्तू ठरतो.

६. पुढील वाटचाल

झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संस्थेत मार्क वायझर यांनी, संगणक भोवतालात मिसळून जाईल, अशी कल्पना मांडली. सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील सप्टेंबर १९९१ च्या प्रसिद्ध लेखात त्यांनी या बिल्ल्यांचा उल्लेख केला आहे. याच संस्थेतील माइक स्प्राइट्झर आणि मार्विन थायमर यांनी १९९३ मध्ये वेगळी रचना सुचवली. प्रत्येक व्यक्तीची स्थानमाहिती तिच्या स्वतःच्या प्रतिनिधी प्रोग्रॅमकडे असावी आणि इतरांनी ती त्याच्याकडे मागावी, असे तिचे सूत्र होते.

केंब्रिजमध्ये ‘बॅट’ ही पुढची पिढी आली. रेडिओ संदेश मिळताच गळ्यातील उपकरण मानवी कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडी आणि तो छतावरील ग्राहकांपर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान काढले जाई. त्यासाठी एकाच इमारतीत सातशेहून अधिक ग्राहक बसवावे लागले. प्रयोगशाळा १९९९ मध्ये एटी अँड टी कंपनीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली.

२००० मध्ये दोन परस्परविरुद्ध वाटा समोर आल्या. अमेरिकेतील एमआयटीमध्ये निसांका प्रियंथा, अनित चक्रवर्ती आणि आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी हरी बालकृष्णन यांनी ‘क्रिकेट’ ही प्रणाली मांडली. तिच्यात भिंतीवरील उपकरणे आपली ओळख प्रसारित करतात आणि माणसाजवळील उपकरण ती ऐकून स्वतःचे स्थान स्वतःच ठरवते. इमारतीला कोणाचा पत्ता लागत नाही. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टच्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ या प्रणालीत वायरलेस नेटवर्कच्या संदेशांच्या तीव्रतेवरून २ ते ३ मीटरपर्यंत स्थान काढता येते, हे दाखवले. यासाठी छतावर स्वतंत्र सेन्सर लावण्याची गरजच उरली नाही.

या दुसऱ्या वाटेचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. तार ओढायची नाही, म्हणून कोणती जागा वगळायची हा प्रश्नही कोणी विचारत नाही. छताकडे पाहून काही कळत नाही. आणि खिशातील फोन बिल्ल्यासारखा टेबलावर सोडून जाणे बहुतेकांना परवडत नाही.

७. समारोप

केंब्रिजमधील अनुभव एका छोट्या, परस्परांना ओळखणाऱ्या आणि आपापल्या वेळेचे बऱ्याच अंशी मालक असलेल्या संशोधकांच्या गटाचा होता. तंत्र तेथून बाहेर पडले, पण त्या गटातील परिस्थिती त्याच्याबरोबर गेली नाही. भारतात केंद्र सरकारच्या कार्यालयांत २०१४ पासून आधारवर आधारित बायोमेट्रिक हजेरी आली. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. अशा चौकटीत एखादे महाविद्यालय, वसतिगृह किंवा कारखाना ओळखपत्रात टॅग घालू लागला, तर केवळ ‘हे तंत्र चांगले की वाईट’ असे विचारून पुरत नाही. कोणत्या खोल्यांत सेन्सर आहेत, नोंदी किती दिवस राहतात, त्या कोण पाहतो, पाहणाऱ्याची नोंद होते का आणि टॅग काढून ठेवणाऱ्याला काय भोगावे लागते, हे विचारावे लागते. या प्रश्नांची उत्तरे यंत्रणा बसवण्यापूर्वी मिळवणे सोपे असते. नंतर ती मिळवण्यासाठी बहुधा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अवरक्त किरण भिंतीतून जात नाहीत, या गुणधर्माचा यंत्रणेच्या रचनेवर व तिच्या सामाजिक परिणामांवर काय प्रभाव पडला?
२. ‘ती व्यक्ती कोठे आहे’ आणि ‘ती व्यक्ती कोठे होती’ या दोन प्रश्नांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
३. अॅक्टिव्ह बॅज आणि क्रिकेट या प्रणालींची, माहिती कोणाकडे राहते या दृष्टीने तुलना करा.
४. आपल्या महाविद्यालयातील हजेरीच्या पद्धतीला समारोपातील प्रश्न लावून पाहा आणि टिपण लिहा.