हेडफोन, डोकें आणि खिसा

परवां आमच्या घरांत एक लहानसा खटला उभा राहिला. कॉलेजांत जाणाऱ्या मुलीला हेडफोन हवा होता. रक्कम ठरलेली होती व ती वाढण्याचा संभव नव्हता. तेवढ्यांत कानाला गोड आणि डोक्याला सुसह्य असें कांहीं मिळेल काय, हा प्रश्न न्यायासाठीं माझ्यापुढें आला. आतां मीं स्वतः पूर्वीं एकदां नुसत्या आवाजाच्या मोहानें एक जड हेडफोन घेतला होता. आवाज उत्तम, पण अर्ध्या तासांत कानशिलें ठणकूं लागत. तो हल्लीं खुंटीवर असतो. तेव्हां न्यायाधीश या नात्यानें माझी लायकी बेताचीच. म्हणून मीं जुने दाखले काढून पाहिले आणि श्रोतेहो, असें दिसलें कीं हा खटला शंभराहून अधिक वर्षें चालू आहे.

पहिला दाखला १९१० सालचा. अमेरिकेंतील यूटा राज्यांत नॅथॅनिएल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार केले आणि एक जोडी अमेरिकन आरमाराकडे पाठवून दिली. तपासणींत ती चालू हेडफोनांहून पुष्कळच संवेदनशील ठरली. आरमारानें मागणी केली, तर उत्तर आलें कीं एका वेळीं दहाच देतां येतील. कारखाना म्हणजे तेंच स्वयंपाकघर! आवाज पसंत पडला, पण डोक्यावरची पट्टी मात्र पसंत पडली नाहीं. बिनतारी संदेश टिपणाऱ्या माणसाला तासन्‌तास ती डोक्यावर वागवावी लागे. बाल्डविननें मग चामड्यानें मढविलेल्या तारांची नवी पट्टी केली व कानावरच्या डब्या हव्या तशा वरखालीं सरकवितां येऊं लागल्या. हिचें पेटंट घ्या, असें त्याला सुचविण्यांत आलें. बाब क्षुल्लक आहे म्हणून त्यानें तें घेतलें नाहीं. ज्याचा कान एवढा तीक्ष्ण, त्याला डोक्याचें दुःख क्षुल्लक वाटावें याचें मला नवल वाटतें.

दुसरा दाखला बेताच्या मिळकतीच्या घरांचा असल्यामुळें अधिक जिव्हाळ्याचा आहे. १९२२ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांत बी. बी. सी. चे कार्यक्रम सुरू झाले. व्हॉल्व्हचा रेडिओ आणि लाउडस्पीकर संपन्नांच्या दिवाणखान्यांत शोभावयाचा. साध्या कुटुंबाचा आधार क्रिस्टल सेट. तारेचें एक वेटोळें, गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा खडा आणि त्या खड्याला टेकलेली एक बारीक तार—तिला तिकडे ‘मांजराची मिशी’ म्हणत—एवढाच त्याचा संसार. बॅटरी नाहीं, वीज नाहीं. दुरून आलेल्या लहरींतून एरियलच्या पदरांत जी कणभर शक्ति पडेल, तिच्याच बळावर हेडफोनांतला पोलादी पडदा हलावयाचा. चुंबक जोरदार हवा. वेटोळ्याची तार केसासारखी आणि अतिशय लांब हवी, म्हणजे तेवढ्याशा प्रवाहानेंही पडद्याला ओढ बसते. या लांबलचक तारेमुळेंच त्या काळच्या चांगल्या हेडफोनावर ४००० ओहम असा आंकडा दिसे. खाली पडून हादरा बसला कीं चुंबक दुबळें होई, आणि मग कितीहि एरियल वाढविली तरी व्यर्थ. सेट हौशी माणसाला घरीं जुळवितां येई. हेडफोन मात्र विकतच घ्यावा लागे. काटकसर पेटींत करावी, हेडफोनांत करूं नये, हें गणित येथें उघड आहे.

जोडी एक आणि ऐकणारीं चार! मग दोन डब्या वेगळ्या करून नवराबायकोनें एकेक कानाशीं धरावी. नाहींतर हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यांत ठेवून सगळ्यांनीं भोंवतीं बसावें. वाडग्यामुळें आवाज थोडा भरे. त्याची प्रत मात्र विचारूं नये. तो पोलादी पडदा सेकंदाला हजाराच्या आसपासच्या कंपनांना विशेष खुशीनें डोले. त्यामुळें बोलणें स्पष्ट येई, पण खर्जाचे सूर हरवत.

आपल्या मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा आणि परवान्याची फी वर्षाला १० रुपये. केंद्राच्या जवळपास राहणाऱ्यालाच क्रिस्टल सेटचा उपयोग. ती कंपनी १९३० सालीं बुडाली.

खर्जाचें गाऱ्हाणें पुढें मिटलें. १९३७ च्या सुमारास जर्मनींत बायर यांनीं पडद्याला चिकटलेल्या हलत्या वेटोळ्याचा हेडफोन काढला. १९५८ सालीं अमेरिकेंत जॉन कॉस यांनीं दोन कानांना वेगळा सूर देणारा स्टीरिओ हेडफोन आणला. पण खर्ज टिकवावयाचा तर कान घट्ट बंद केला पाहिजे, अशी समजूत रूढ होती. आणि घट्ट बंद करणें म्हणजे पट्टीचा दाब व गाद्यांखालीं घाम. ही समजूत मोडली ती १९६८ सालीं सेनहायझरच्या एचडी ४१४ नें. कानावर स्पंजाची हलकी चकती, पाठीमागची बाजू उघडी, वजन सुमारें १३५ ग्रॅम. कान कोंडल्यावांचूनही संगीत भरीव ऐकूं येतें, हें त्यानें दाखवून दिलें. पुढें १९७९ सालीं सोनीच्या वॉकमनबरोबर आलेला हेडफोन तर ५० ग्रॅमच्या आंतला होता. १९८४ सालीं कॉस कंपनीनें पोर्टा प्रो काढला. त्यांत कानाच्या वर कानशिलावर टेकणाऱ्या लहान गाद्या आहेत. दाब कानावर किती पडावा आणि कानशिलावर किती, तें एक कळ सरकवून ठरवितां येतें. बाल्डविनची ती क्षुल्लक बाब अशी पुन्हां मानाला चढली. हा हेडफोन आजहि विकला जातो.

मुलीला मीं एवढें सांगितलें कीं दुकानांत दोन मिनिटें नव्हे, चांगलीं पंधरा मिनिटें, चष्मा लावूनच हेडफोन घालून बैस. गाद्या सुट्या मिळतात काय आणि दोरी तुटल्यास बदलतां येते काय, तें विचार. ओहमचा मोठा आंकडा पाहून भुलूं नकोस. क्रिस्टल सेटला जो गुण होता तो आपल्या मोबाइलला जड जातो. ३२ ओहमचा हेडफोन त्यावर सहज वाजतो, ३०० ओहमचा कुजबुजतो. लोकलच्या गर्दींत ऐकावयाचें असेल तर मात्र उघड्या पाठीचा घेऊं नये. बाहेरचा गोंगाट आंत येतो व आपलें गाणें शेजाऱ्याला.

तिनें घरीं ऐकण्यासाठीं उघड्या पाठीचा, स्पंजाच्या चकत्यांचा, हलका हेडफोन पसंत केला. उरलेल्या पैशांत चकत्यांचा एक जादा जोड आला. अशा हेडफोनांत जेवावयास मारलेली हांक ऐकूं येते, असें मी म्हणतों. येत नाहीं, असें ती म्हणते.